शैवालाच्या तेलाची टक्केवारी बघून पीएचडीला उतरू नका

ठाणे, कल्याण, वाशीच्या कॉलेजांतून बॉटनी, मायक्रो किंवा बायोटेकमध्ये एमएस्सी करून 'शैवालापासून इंधन' या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी लिहितेय. नेट, गेट, फेलोशिपचे फॉर्म तुम्हाला ठाऊक असणारच. मी थेट टक्केवारीवर येते, कारण माझ्या पीएचडीचा ऐन उमेदीचा काळ तिच्यापायी गेला.

पेपर उघडले की अमुक क्लोरेलात (हे एकपेशीय हिरवं शैवाल) कोरड्या वजनाच्या ५० टक्के लिपिड, म्हणजे तेलकट पदार्थ, असे आकडे दिसतात. मीडियममधला, म्हणजे शैवाल वाढवायच्या पोषक द्रावणातला, नायट्रोजन तोडला की पेशी तेल साठवू लागते. नाइल रेड हा तेलाला चिकटणारा रंग घालून फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली पाहिलं की पिवळे थेंब चमकतात आणि आपण हरखून जातो. मीही हरखले होते. पण नायट्रोजन नाही म्हणजे नवी प्रथिनं नाहीत, आणि प्रथिनांशिवाय पेशी विभागणार कशी? टक्का चढतो, वाढ बसते.

कागदावर मांडून बघा. नायट्रोजन भरपूर असताना कल्चर लिटरमागे दिवसाला ०.२ ग्रॅम वाढतंय आणि त्यात २० टक्के लिपिड आहे असं धरा. म्हणजे रोजचं ४० मिलिग्रॅम. आता नायट्रोजन तोडला, लिपिड ५० टक्क्यांवर गेलं, वाढ ०.०५ ग्रॅमवर आली. रोजचं २५ मिलिग्रॅम. टक्का अडीचपट झाला आणि तेल घटलं! म्हणून 'लिटरमागे दिवसाला किती मिलिग्रॅम' हा आकडा पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. गाइडनी विचारला नाही तरी लिहा.

याच सापळ्याचे आणखी दोन दात आहेत. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल या द्रावकांनी पेशीतून काढून वजन केलेलं सगळंच डिझेलच्या कामाचं नसतं. त्यात क्लोरोफिल असतं, पेशीच्या पटलांतले फॉस्फोलिपिड असतात. फॅटी अॅसिडचे मिथाइल एस्टर (बायोडिझेल म्हणजे हेच) जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर, मोजल्याशिवाय 'बायोडिझेल' हा शब्द थिसिसमध्ये लिहू नका. दुसरं, कल्चर किती दाट झालं हे त्यातून प्रकाश सोडून मोजतात, त्यातलं ६८० नॅनोमीटरचं रीडिंग क्लोरोफिलवर चालतं. उपाशी कल्चर पिवळं पडतं, रीडिंग उतरतं, पण ड्राय वेट वाढलेलं असू शकतं. ७५० वर रीडिंग घ्या आणि सोबत फिल्टर करून ड्राय वेट कराच. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. पैसे घेऊन पेपर छापणारी जर्नल्स हे मोजमाप मागत नाहीत. मला तो मार्ग मुळीच मान्य नाही. मुलाखतीत जाणकार समोर बसला की पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडायला होतं.

फ्लास्कबाहेरचं गणित आणखी कठोर आहे. उघड्या रेसवे टाकीत (पाणी गोल फिरवत ठेवणारी उथळ टाकी) लिटरमागे अर्धा ग्रॅम कोरडा बायोमास धरला, तर एका किलोसाठी २,००० लिटर पाणी उपसून वेगळं करावं लागतं. खर्च तिथेच वाढतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ शैवाल-इंधनाचा संशोधन कार्यक्रम चालवला आणि बंद केला. एक्सॉन या तेल कंपनीने २००९ मध्ये शैवाल-इंधनासाठी ६० कोटी डॉलरपर्यंतची योजना जाहीर केली होती. २०२३ मध्ये ती कंपनीही मागे हटली. पीएचडी झाली की शैवाल-डिझेलच्या कंपनीत नोकरी मिळेल, या भरवशावर घरच्यांना थांबवून ठेवू नका.

तरी हा विषय सोडा असं मी म्हणणार नाही, कारण इथे शिकलेलं हातचं काम वाया जात नाही. कल्चर शुद्ध ठेवणं, मोठ्या टाकीत वाढवणं, रोटिफर (शैवाल खाणारे सूक्ष्म जीव) शिरले ते वेळेत ओळखणं हे येणारा माणूस स्पिरुलिना, अॅस्टॅझॅन्थिन (शैवालातलं लाल रंगद्रव्य), कोळंबीच्या हॅचरीचं खाद्य, सांडपाणी प्रक्रिया, कुठेही लागतो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातही शैवालाला जागा आहे.

आपल्या भागाचा एक फायदा मला फार मोठा वाटतो. ठाणे खाडीतले लेसर फ्लेमिंगो मुख्यतः नील-हरित शैवाल आणि डायाटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) खाऊन जगतात. म्हणजे शैवालाचं समृद्ध रान आपल्या दारात आहे. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, उन्हाळ्यात खारटपणा चढतो. हा चढउतार सोसणाऱ्या जाती विकतच्या स्ट्रेनपेक्षा (प्रयोगशाळेत जपलेल्या वाणांपेक्षा) बाहेरच्या टाकीत जास्त टिकतील, असं माझं ठाम मत आहे. विकतची तुलनेसाठी ठेवा, एक तरी स्वतः वेगळी करा. मात्र खाडीचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नमुना घेऊ नका. अर्ज लवकर टाका.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा: जीसी हाताला मिळतो का, सर किंवा मॅडम स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावतात का, आधीचे सीनियर सबमिट होऊन बाहेर पडले का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर दुसरी लॅब शोधा, नाव कितीही मोठं असो.

आणि जूनमध्ये रुजू झालात तर गच्चीवर टाकी मांडायची घाई नको. आपल्याकडच्या पावसात मीडियम पातळ होतं आणि ढगांमुळे आठवडाभर धड ऊन मिळत नाही. ते चार महिने आत ग्रोथ कर्व्ह, म्हणजे वाढीचे आलेख, पक्के करा, एकाच प्रयोगाच्या तिन्ही रेप्लिकेट (प्रती) जुळेपर्यंत. टाकी ऑक्टोबरात बाहेर काढा.