मोठ्या मापाची स्टेपनी गाडीच्या आत बसवताना या चुका टाळा

फोर बाय फोर गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवणाऱ्यांना पाचव्या चाकाची आठवण बहुधा सगळ्यात शेवटी होते. टोयोटा फॉर्च्युनरचे उदाहरण घेऊ. २६५/६० आर १८ या मूळ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर भरतो, तर दगडधोंड्यांच्या वाटांसाठी हौशी मंडळी १७ इंची रिमवर जो २८५/७० चा टायर चढवतात, त्याचा व्यास ८३० मिलिमीटरपर्यंत जातो. गाडीच्या पोटाखाली साखळीने वर ओढून घेतल्या जाणाऱ्या मूळ स्टेपनीच्या जागेत ही साडेपाच सेंटिमीटरची वाढ पुष्कळदा मावत नाही. टायर कुठे सायलेन्सरच्या नळीला, तर कुठे बंपरच्या आतल्या कडेला टेकतो, किंवा इतका खाली लोंबतो की ओढ्यातून वर चढताना तोच आधी जमिनीला घासतो. मग स्टेपनी आत घेण्याचा निर्णय होतो आणि चुकांना तिथून सुरुवात होते.

त्याही आधीची एक चूक म्हणजे जुनी लहान स्टेपनी खालीच राहू देणे. वेळ निभावण्यापुरते काय हरकत आहे, असे वाटते. पण कागदावरच्या हिशेबाने लहान चाक किलोमीटरला सुमारे ४१० फेरे घेते आणि मोठे चाक सुमारे ३८३. टू व्हीलमध्ये, म्हणजे दोनच चाकांना जोर देऊन, चालवताना हा फरक त्या ॲक्सलच्या डिफरन्शियलला (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या संचाला) सतत पचवावा लागतो. ज्या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यांत फोर-एच (चारही चाकांना जोर देणारी स्थिती) घातल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे जोर नेणारे दांडे) एकमेकांना जखडले जातात, आणि डांबरासारख्या पकड असलेल्या रस्त्यावर तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर, जाऊन बसतो. नाइलाजाने लहान चाक लावावेच लागले, तर टू व्हीलमध्ये, हळू आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जावे.

माप घेताना

टायरवर छापलेल्या आकड्यांवर विसंबून ब्रॅकेट करायला टाकू नये. हवा भरलेला, रिमवर चढवलेला टायर प्रत्यक्षात मोजावा, कारण रिमची रुंदी बदलली की टायरचे पोटही कमीजास्त फुगते. मी टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून ८३ सेंटिमीटरची चकती कापली, तिच्यावर टायरच्या जाडीइतकी थर्माकोलची पाने चिकटवली आणि ते बोजड सोंग डिकीत आडवे-उभे फिरवून पाहिले. उभे ठेवल्यावर मागचे दार लागत नव्हते; काच आणि चकती यांच्यात बोटभर जागा आहे असे वाटत होते खरे, पण दार मिटताना काचेची वरची कड आत झुकत येते, हे फितीने मोजताना लक्षात आले नव्हते. या पुठ्ठ्याने माझे वेल्डिंगचे पैसे वाचवले.

उभा टायर दुसऱ्या रांगेच्या सीटला चिकटवून ठेवणे मला तरी पटत नाही. आरशातून मागचे दिसत नाही, वजन वर जाते आणि लहान मुलाच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची जागा झाकली जाते. जागा परवडत असेल तर आडवाच ठेवावा, आणि त्याचा व्हॉल्व्ह वर येईल असा ठेवावा. तो खाली गेला की हवा तपासायची म्हणजे टायर उचलायचा, आणि मग ती कोणीच तपासत नाही.

पट्टा आणि कडी

सगळ्यात धोक्याची आणि सगळ्यात सर्रास दिसणारी चूक म्हणजे टायरवरून रॅचेटचा (दातेरी कळीने आवळायचा) पट्टा टाकून तो डिकीतल्या सामानाच्या कड्यांना आवळणे. मीही तेच केले होते. भोरहून महाडकडे वरंध घाट उतरताना एका वळणावर म्हैस आडवी आली, करकचून ब्रेक दाबला आणि मागून धप्प आवाज आला. उतरून पाहिले तर टायर पट्ट्याखालून वीतभर पुढे सरकून मागच्या सीटच्या पाठीला टेकला होता. पट्टा तुटला नव्हता, कड्याही शाबूत होत्या. झाले होते इतकेच की पट्टा रबरावर आवळला होता; रबर दबते, खडबडीत रस्त्यावर तासभर हादरे खाऊन थोडे बसते, आणि आवळताना तारेसारखा वाजणारा पट्टा सैल पडतो. तो दर थांब्याला पुन्हा आवळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

टायर रिमसह सुमारे ४० किलोचा होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्याला धरून ठेवण्यासाठी सरासरी साडेपाचशे किलोच्या वजनाइतका जोर लागतो. सीटची पाठ तो झेलेल, या भरवशावर राहू नये. सीटच्या मजबुतीविषयी संयुक्त राष्ट्रांचा जो क्रमांक १७ चा वाहननियम आहे, त्यातल्या सामानाच्या चाचणीत सीटमागे प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून जवळपास याच वेगाचा धक्का दिला जातो. दोन्ही ठोकळ्यांच्या बेरजेपेक्षा जड असलेले एकच चाक तिथे अपेक्षित नाही. गाडी उलटली तर हेच चाक छताकडे आणि प्रवाशांच्या डोक्याकडे जाते.

म्हणून पकड लोखंडाची लोखंडाशी हवी. रिमच्या मधल्या भोकातून जाड बोल्ट वर यावा, त्यावर त्या भोकापेक्षा बरीच मोठी आणि जाड लोखंडी चकती बसावी, आणि ती नटाने थेट रिमवर आवळली जावी. फॉर्च्युनरच्या हबचे भोक १०६ मिलिमीटरचे आहे, तेव्हा बाजारातला साधा वॉशर इथे कामाचा नाही. टायर आडवा ठेवल्यावर रिमची बसायची जागा फरशीपासून किती वर येते, हे रिमच्या ऑफसेटप्रमाणे, म्हणजे ती जागा रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे त्याप्रमाणे, बदलते. त्यामुळे खालच्या ब्रॅकेटची उंची तुमच्याच रिमवरून ठरवावी, आणि ती अशी की नट पूर्ण आवळल्यावर टायरची कड फरशीवर किंचित दाबली जाईल. ब्रॅकेट उंच झाला तर टायर अधांतरी राहून खडखडतो, आणि फार ठेंगणा झाला तर सगळा दाब रबरावरच येऊन पुन्हा पट्ट्याचीच गत होते.

ज्या कंपनीच्या नावावरून आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, तिने विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधल्या लानेली गावी बनवलेली वस्तू म्हणजे पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून आवळून बसवायची जादा धाव होती. म्हणजे नीट आवळण्याची कटकट या शब्दाच्या जन्मापासूनची आहे.

फरशीला भोक पाडण्यापूर्वी

ब्रॅकेट कशाला धरलेला आहे, हे बोल्टच्या ताकदीइतकेच महत्त्वाचे आहे. १२ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीच्या पोलादाचा) बोल्ट सहजी तुटत नाही. फाटतो तो डिकीचा पातळ पत्रा, ज्याची जाडी जेमतेम मिलिमीटरभर असते. तिसऱ्या रांगेची सीट काढलेली असेल तर तिच्या बोल्टच्या मूळ जागा वापराव्यात, कारण तिथे कारखान्यातच आतून जाड पट्टी दिलेली असते. बोल्ट मात्र त्याच ग्रेडचे आणि आट्यांचे घ्यावेत. नवीन भोक पाडणे भागच असेल, तर पत्र्याखालून किमान ३ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पट्टी द्यावी, आणि ड्रिल लावण्यापूर्वी गाडीखाली झोपून डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जाते ते डोळ्यांनी पाहावे. एका ओळखीच्या गाडीत फॅब्रिकेटरने ब्रॅकेटचा एक पाय बॉडीला आणि दुसरा थेट चासीला (बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याला) वेल्ड केला होता. ऐकायला ते भक्कम वाटते, पण अशा गाड्यांत बॉडी चासीवर रबरी माउंटवर बसलेली असते आणि दोन्ही वेगवेगळ्या हलतात. काही महिन्यांत वेल्डशेजारचा पत्रा तडकला.

भोकाच्या कडांना प्रायमर आणि रंग लावून वरून सीलंट भरावे. कोकणात पावसाळे काढणाऱ्या गाडीला गंज किती लवकर लागतो, हे वेगळे सांगायला नको. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे उघड्या भोकातून सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो. ब्रॅकेट बसवल्यानंतर गाडीत धुराचा वास येऊ लागला, तर काचा उघडून गाडी थांबवावी आणि भोक बुजवल्याशिवाय तीत कोणालाही बसवू नये.

सीट कायमची काढण्याविषयी एक सूचना. आरसी बुकात आसनसंख्या नोंदलेली असते, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदीशी विसंगत फेरफारांना आडकाठी करते. आरटीओत आधी विचारून घेणे स्वस्त पडते.

अंधारात, एकट्याने

जॅक, टॉमी आणि चाकाचा पाना स्टेपनीखालच्या कप्प्यात राहिले, तर पंक्चर झाल्यावर आधी सगळे सामान रस्त्यावर मांडावे लागते. हत्यारे दाराजवळ हवीत, आणि ब्रॅकेटचा नट चाकाच्याच पान्याने सुटणारा हवा. मूळ जॅक मोठ्या टायरला पुरेसा उचलतो की नाही, तेही घरीच पाहावे. पुरत नसेल तर रुंद लाकडी ठोकळा सोबत ठेवावा. एका संध्याकाळी सोसायटीच्या आवारात, कोणाची मदत न घेता, ते चाक बंपरवरून खाली उतरवून पुन्हा वर चढवावे. उतरवताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असते. चढवताना ४० किलो मांडीवर घेऊन वर ढकलावे लागते, आणि प्रसंग येईल तेव्हा ते चिखलाने माखलेले, फाटलेले चाक असेल. त्याच्यासाठी एक जुनी ताडपत्री आणि जाड हातमोजे डिकीत कायम असावेत.

नट आवळून झाल्यावर नटापासून चकतीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर आणि प्रत्येक खडतर वाटेनंतर दार उघडून रेघ तुटली आहे का ते पाहावे. माझी पहिली रेघ ताम्हिणीतून परतताना अर्धा सेंटिमीटर सरकलेली दिसली. साधा नट बदलून नायलॉन कडीचा नट घातला, त्यानंतर ती हललेली नाही.