पाच निराळी पुस्तकं आणि एक वही: वाचलेल्या पुस्तकाबद्दल स्वतःचं मत कसं लिहावं

ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल साधारण अर्ध्या तासात वाशीला पोचते. गेली अकरा वर्षं माझं बहुतेक वाचन त्या अर्ध्या तासातलं आहे. त्यातल्या पहिल्या चार वर्षांत वाचलेल्या पुस्तकांबद्दल आज कोणी विचारलं, तर मला धड दोन वाक्यं सांगता येत नाहीत. मुखपृष्ठ आठवतं, लेखकाचं नाव आठवतं, ‘छान होतं’ म्हणतो आणि पुढे सगळं कोरं. याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून शंभर पानी वही आणली. ती वही भरताना जे हाताला लागलं ते इथे क्रमानं सांगतो.

पुस्तक उघडण्याआधी एक ओळ लिहा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच चुकतात. पानावर तारीख घाला, पुस्तकाचं नाव घाला आणि ‘हे मी का उचललं’ याचं खरं उत्तर एका ओळीत लिहा. ‘मित्रानं भरीस घातलं’, ‘पातळ होतं’, ‘शाळेत धडा होता, पुढचं काय झालं ते बघायचंय’ असं काहीही चालेल. पुस्तक संपल्यावर ही ओळ तुम्हाला खरं बोलायला लावते. आपण विनोदी काहीतरी हवं म्हणून उचललेलं असतं, निघतं गंभीर, आणि आपण लिहितो ‘कंटाळवाणं’. दोष पुस्तकाचा की आपल्या अपेक्षेचा, हे त्या ओळीवरून कळतं.

पुस्तकं मुद्दाम निरनिराळी घ्या. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तिथल्या कपाटांपुढे उभं राहिलं की सवय मोडणं सोपं जातं. मी एक नियम केला: लागोपाठ दोन कादंबऱ्या घ्यायच्या नाहीत. त्या नियमामुळेच एका वर्षात माझ्या वहीत पाककृतींचं पुस्तक, प्रवासवर्णन, कादंबरी, लेखसंग्रह आणि आत्मकथन असे पाच प्रकार शेजारी शेजारी आले. खालची उदाहरणं त्यांचीच आहेत.

आवृत्तीही टिपा. हे किरकोळ वाटेल, पण विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या प्रवासवर्णनाचं उदाहरण घ्या. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते छापलं तेव्हा मूळ मजकुरात फेरफार केले होते, काही भाग गाळलाही होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेलं संपादन पुढे आलं. दोघांनी दोन आवृत्त्या वाचल्या आणि भाषेवरून वाद घातला, तर ते दोन वेगळ्या पुस्तकांबद्दल बोलत असतात.

वाचताना पेन्सिल नको, चिठ्ठ्या ठेवा

ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघा मारू नयेत, हे सांगायला नको. जुन्या बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूचे बोटभर रुंदीचे तुकडे करून शेवटच्या पानात ठेवा. जिथे थांबलात, चिडलात किंवा पुन्हा वाचावंसं वाटलं, तिथे एक तुकडा घाला आणि त्यावर एकच शब्द लिहा. गर्दीत उभं राहून तेवढंच जमतं. एका पुस्तकात पाच-सहांपेक्षा जास्त चिठ्ठ्या झाल्या तर त्यांचा उपयोग राहत नाही.

दोन दिवस थांबून, पुस्तक मिटून लिहा

पुस्तक संपवलं त्या रात्री लिहू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग पुस्तक न उघडता जे आठवतं ते लिहा. आठवतं ते तुमचं. त्यानंतर चिठ्ठ्या उघडा आणि आठवणीतून काय निसटलं ते बघा. या दोन याद्यांत बरीच तफावत निघते आणि मत तिथूनच तयार व्हायला लागतं.

लिहिताना काही शब्द मी स्वतःला बंद केलेत: वाचनीय, अप्रतिम, मनाचा ठाव घेणारं, संग्रही असावं असं. हे शब्द कोणत्याही पुस्तकाला चिकटतात. ज्या वाक्यातलं पुस्तकाचं नाव बदललं तरी वाक्य तसंच खरं राहतं, ते वाक्य खोडा.

प्रत्येक पुस्तकाला त्याचं माप लावा

मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचं आहे. सुरुवातीला मी प्रत्येक पुस्तकाला दहापैकी गुण देत असे. एका पानावर स्वयंपाकाच्या पुस्तकाला आठ आणि समोरच्या पानावर एका कादंबरीला सात. एकदा ते शेजारी शेजारी बघितलं आणि त्या आकड्यांना काही अर्थच नाही हे कळलं. किलोनं कापड मोजायला बसलो होतो. त्या दिवसापासून गुण बंद केले आणि आधी हे लिहायला लागलो: या पुस्तकानं काय करायचं ठरवलं होतं, आणि मी ते कशावरून ताडून बघू?

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. आमच्या घरची प्रत आईची, हळदीचे डाग पडलेली. हे पुस्तक नुसतं वाचून त्यावर मत देणं चुकीचं आहे, त्यासाठी गॅस पेटवायला लागतो. आई दोन महिने आजारी होती तेव्हा मी त्यातून रोजचा स्वयंपाक केला. माझं मत असं झालं की वाटी आणि चमच्यानं दिलेलं माप हे त्या पुस्तकाचं खरं मोठेपण आहे. माझ्यासारख्या नवख्याला ‘अंदाजानं मीठ’ या शब्दांची भीती वाटते, वाटी-चमच्यानं ती गेली. पण मोहरी तडतडली की नेमकं कधी जिरं टाकायचं, हे मला आईनंच अंथरुणावरून ओरडून सांगितलं. दोन्ही गोष्टी वहीत आहेत, कोणत्या पदार्थावरून वाटलं त्यासकट.

‘माझा प्रवास’ला हे माप चालणार नाही. गोडसे पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे आपल्यापासून फार लांबचे नव्हेत. घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळेल या आशेनं ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धुमाळीत सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीतच होते. हे सगळं त्यांनी पुढे पंचवीसेक वर्षांनी लिहून काढलं. अशा पुस्तकाला मी एकच प्रश्न विचारतो: यातलं डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं? वहीच्या पानाचे दोन रकाने केले आणि वाचत गेलो. झाशीत लपून बसलेला, तहानेनं जीव कासावीस झालेला माणूस लिहितो तो भाग पहिल्या रकान्यात. दूरच्या लढायांच्या हकीकती दुसऱ्या. पहिल्या रकान्यातलं गद्य अंगावर येतं, दुसऱ्यातलं कीर्तनासारखं वाहतं. मला पहिला रकाना जास्त आवडला. दुसरा टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी सामान्य माणसाच्या कानावर काय येत होतं ते त्यातच सापडतं.

लेखसंग्रहाशी भांडायला हवं. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, महाभारताकडे पाहण्याची पुष्कळांची दृष्टी त्यानं बदलली. म्हणून मान डोलावून पुढे जाऊ नका. भीष्मांच्या त्यागानं अखेर कोणाचं भलं झालं, आणि त्यापायी किती स्त्रियांची आयुष्यं भरडली गेली, हा बाईंचा प्रश्न मला पुरता हलवून गेला. तरी वहीत मी माझा विरोध लिहिला आहे: प्रतिज्ञा पाळणं हेच जिथे मोठं मानलं जात होतं, तिथे तिचं मोल फक्त परिणामांवरून ठरवायचं का? मतभेद लिहिताना एक पथ्य पाळा. आधी लेखकाचं म्हणणं अशा शब्दांत मांडा की त्याला स्वतःला ते पटेल. मग तुमचं मांडा. या पथ्यामुळे माझे निम्मे आक्षेप लिहिता लिहिताच गळून पडले. भीष्मांबद्दलचा टिकला.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. त्याबद्दल मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘वाचून सुन्न झालो’. नंतर लक्षात आलं की ते वाक्य माझ्याबद्दल आहे, पुस्तकाबद्दल त्यात अक्षर नाही. आत्मकथनाबाबत हा धोका नेहमीचा आहे: आपण त्या माणसाच्या आयुष्यावर हळहळतो आणि त्यानं ते कसं सांगितलं हे बघायचं राहून जातं. दुसऱ्यांदा लिहिताना मी सांगण्याकडे पाहिलं. दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात. मुंबईत कामाठीपुऱ्याजवळच्या कावाखाना या वस्तीतलं बालपण, गाव, महारवाडा आणि स्वतःच्या चुका, सगळं त्यात येतं. लेखक स्वतःलाही सोडत नाही. माझ्या मते त्या पुस्तकाची ताकद तिथे आहे, आणि ते दाखवण्यासाठी मी तीन प्रसंगांचे पृष्ठ क्रमांक लिहून ठेवलेत. मत कितीही लहान असो, त्याच्या मागे एक तरी प्रसंग उभा करा.

कादंबरीचं माप कोणतं, हे मला अजून एका ओळीत सांगता येत नाही. मी आवाज ऐकतो. माणूस बोलतोय असं वाटतं का, आणि त्याच्या बोलण्यातून तो स्वतः लपवतोय ते दिसतं का, एवढं बघतो.

जुनं मत फाडू नका

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. मी ती विसाव्या वर्षी कॉलेजात वाचली आणि पुस्तकाच्या मागच्या कागदावर लिहिलं, ‘हा नुसती टवाळी करतो’. ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ या शब्दांचा मला राग आला होता. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचली. नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तो भाग आला तेव्हा ऐरोली स्टेशन कधी गेलं कळलं नाही. हा नायक, पांडुरंग सांगवीकर, ज्या शब्दांआड उभा राहतो, ते शब्द मला पहिल्यांदा ऐकू आले. पण म्हणून वीस वर्षांच्या मुलाचं मत मी फाडलं नाही, ते वहीत चिकटवलं आहे. त्याला जे दिसलं ते तेव्हा खरंच दिसलं होतं.

यासाठी सोय अशी करा: लिहायला उजवं पान घ्या, डावं कोरं ठेवा. पुन्हा वाचाल तेव्हा डाव्या पानावर तारीख घालून लिहा.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांनाही वहीत जागा द्या. कोणत्या पानावर सोडलं आणि का, एवढंच. माझ्या वहीत अशी नऊ आहेत. त्यातल्या एकापुढे लिहिलं आहे, ‘पृष्ठ ६४. पुस्तकाचा दोष नाही, त्या आठवड्यात झोप झाली नव्हती.’ ते पुस्तक येत्या शनिवारी परत आणणार आहे.