स्ट्रिंग क्वार्टेटची सुपारी: कोल्हापुरात लग्न, चर्च आणि छोटी मैफल कशी वाजवावी

स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. बंद दालनात शांत बसलेल्या साठ-सत्तर माणसांना चौघांचा आवाज माइकशिवाय पुरतो, गोंगाटात तशी अपेक्षा धरू नये. मांडवात पाचशे माणसं एकमेकांशी बोलत असतात आणि चर्चमध्ये भिंती सूर परत फेकतात. म्हणून बसायची जागा, पट्टी आणि कुठे थांबायचं, या तीन गोष्टी आधी ठरवा. काय वाजवायचं हे त्यानंतर. यादी उत्तम पण थांबण्याची जागा ठरलेली नाही, अशा वेळी नवरी येऊन उभी राहिलेली असते आणि चौघं अजून तान पुरी करत असतात. ऐकणाऱ्याला तेवढंच लक्षात राहतं.

सुपारी घेताना

बिदागी आणि इसार ठरवण्याआधी यजमानांकडून चार गोष्टी विचारून घ्या. मुहूर्त किती वाजता, बसायला छप्पर आहे का, बँड किंवा सनई-चौघडा कुठून कुठपर्यंत वाजणार, आणि चेलो घेऊन गाडी दारापर्यंत येईल का. छपराच्या बाबतीत तडजोड करू नका. ही वाद्यं सरसाने जोडलेली असतात. मे महिन्यात दुपारच्या उन्हात किंवा बंद गाडीत सरस मऊ पडतो आणि सांधे सुटतात.

जागा दहा फूट बाय आठ फूट लागते, आणि हात नसलेल्या चार सरळ खुर्च्या. मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्चीला दोन दोष असतात: खुर्चीच्या हातावर बो (वाजवायचा गज) धरलेल्या हाताचं कोपर आपटतं, आणि बैठक मागे उतरती असल्याने चेलोवाल्याला पुढे टेकता येत नाही. जेवणाच्या हॉलमधल्या बिनहाताच्या खुर्च्या किंवा स्टुलं मागून घ्या. न मिळाल्यास चेलोपुरतं तरी घडीचं स्टूल स्वतःचं न्या. गुळगुळीत फरशीवर चेलोची एंडपिन, म्हणजे खाली टेकायची टोकदार दांडी, घसरते. तीन फूट बाय दोन फुटांचा जाड सतरंजीचा तुकडा घ्या, त्याची एक कड खुर्चीच्या पुढच्या दोन पायांखाली दाबा आणि पिन त्याच तुकड्यात रोवा. नुसता रबराचा गट्टू धुळीच्या फरशीवर टिकत नाही.

हंगामाचा विचार वर्षाच्या सुरुवातीलाच करा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि त्यातच नाताळ येतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये लग्न आणि चर्च यांच्या तारखा एकमेकांवर आदळतात. नवीन रचना बसवायला चातुर्मास मोकळा मिळतो.

पट्टी

पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत व्हायोलिनच्या मोकळ्या तारा खालून वर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. व्हायोला आणि चेलोच्या पांढरी एक, पाच, दोन, सहा. चेलो व्हायोलाच्या एक सप्तक खाली. त्यामुळे पांढरी एक, दोन किंवा पाचमध्ये वाजवलं की बोटं न ठेवलेल्या ताराही सोबत गुंजतात आणि आवाज भरतो. काळी एकमध्ये षड्ज-पंचमाला एकही मोकळी तार सापडत नाही, सगळं दाबून वाजवावं लागतं आणि चौघं मिळूनही आवाज कोंडलेला येतो.

मंगलाष्टकं म्हणणारे काका-मावशी बहुधा आपल्या सोयीच्या पट्टीत सुरू होतात आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर चढलेला असतो. त्यांच्या मागे साथ धरायला जाऊ नका. घरच्या कुणाला साथीवर गायचंच असेल, तर पट्टी आठवडाभर आधी घ्या आणि चौघांचे कागद त्या पट्टीत लिहून काढा. गाणारा काळी एकच्या खाली-वर यायला तयार नसेल तर आणखी एक वाट आहे: सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवायच्या आणि पांढरी दोनची बोटं ठेवायची. पण तारा स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून कार्यक्रमाच्या मधोमध हे करू नका.

गोंगाटात कानाने जुळवणं जमत नाही. वाद्याच्या डोक्याला लावायचा क्लिप ट्यूनर लाकडाच्या कंपनावर चालतो, त्याने पांढरी सहा 440 हर्ट्‌झवर घ्या. पंचम अगदी शुद्ध लावत खाली गेलात तर चेलोची पांढरी एक आणि व्हायोलिनची पांढरी तीन एकत्र वाजताना गांधार चढा लागतो. म्हणून प्रत्येक पंचम केसभर आखूड ठेवायचा आणि शेवटी व्हायोला-चेलोच्या खालच्या तारा एकमेकांशी ताडून पाहायच्या.

मांडवात

व्यासपीठापासून किमान पंधरा फूट लांब आणि थोडं बाजूला बसा. यामागे अगदी साधं कारण आहे: अक्षता. कुंकू लावलेले ओलसर तांदूळ वार्निशवर पडले तर लाल डाग राहतो, आणि दाणे वाद्याच्या पोटावरच्या एफ आकाराच्या छिद्रांतून आत जातात. आत गेलेला एक दाणासुद्धा विशिष्ट सुरावर खुळखुळतो आणि दोष तारेचा आहे असं वाटत राहतं. बाहेर काढायला वाद्य पालथं करून छिद्र खाली धरा आणि हळूच हलवत दाणा काठाशी आणा. तार किंवा चिमटा आत घालू नका, पोटाच्या फळीला आतून टेकू देणारी काठी पडेल. ती पडलीच तर लगेच तारा सैल करा, नाहीतर पोटाची फळी दबून चिरते. प्रवेशाच्या दाराजवळची जागाही नको, तिथे गुलाबपाणी आणि अत्तर शिंपडतात. बोचे केस ओले झाले की त्या दिवसापुरता तो बो गेला.

वाजवण्याची वेळ तीन टप्प्यांत पडते. पाहुणे येतात तेव्हा तीस-चाळीस मिनिटं. अंतरपाट धरला की पूर्ण शांतता: भटजींच्या मंत्रांखाली हलकं काहीतरी वाजवत राहावं ही मागणी नम्रपणे नाकारा, त्यांचा माइक आणि तुमचा माइक एकमेकांत मिसळून दोन्ही बिघडतं. "तदेव लग्नं" सुरू झालं की हार पडायला काही क्षण उरले. त्या क्षणी वाजंत्री आणि टाळ्यांचा कल्लोळ होणार, आणि तो त्यांचाच असावा. सनईची पट्टी वेगळी असते, तिच्यावर व्हायोलिन चढवलं तर दोघंही बेसूर ऐकू येतात. दोन-तीन मिनिटांनी लोक भेटायला रांग लावतात, तिथे तुम्ही शिरा. मग जेवणं आणि संध्याकाळचं रिसेप्शन.

गोरज मुहूर्त असेल तर वाजवता वाजवता अंधारतं. स्टँडला लावायचे चार बॅटरीचे दिवे हवेतच. उघड्यावर कागदाला प्रत्येकी चार लाकडी चिमटे. कागद चकचकीत प्लास्टिकमध्ये घालू नका, व्यासपीठाचा फोकस त्यावरून थेट डोळ्यात येतो.

साउंडवाल्याशी आधीच बोला. गर्दीच्या मांडवात समोर उभे केलेले माइक माणसांची बोलणी जास्त उचलतात, म्हणून प्रत्येक वाद्याला क्लिपचा कंडेन्सर माइक आणि मिक्सरवर 48 व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकला मिळणारी वीज). इको बंद ठेवायला सांगा. स्पीकर तुमच्या पुढे असावेत. मागे ठेवले की शिट्टी सुरू झालीच. व्हायोलिन-व्हायोलाच्या चॅनेलवर 100 हर्ट्‌झच्या खालचं कापून टाकलं की वाऱ्याची घरघर जाते. चेलोवर मात्र कापू नका, त्याची सगळ्यात खालची तार सुमारे 65 हर्ट्‌झची आहे. उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. रिसेप्शन लांबणार असं दिसलं तर शेवटचा अर्धा तास माइकशिवाय कुटुंबाच्या टेबलाशेजारी बसून वाजवा, तो अनेकदा सगळ्यात छान जातो.

चर्चमध्ये

पाळकसाहेबांकडून किंवा फादरांकडून उपासनेचा छापील क्रम आठवडाभर आधी घ्या आणि संगीताच्या प्रत्येक जागेपुढे तो भाग कोणत्या वाक्याने संपतो ते लिहा. वेदीकडे पाठ न करता कडेला बसा. चौघांपैकी एकाला मधली वाट आणि पाळक दोन्ही दिसले पाहिजेत. हे काम दुसऱ्या व्हायोलिनला द्या, पहिल्याची नजर कागदावर अडकलेली असते.

नवरी आत येण्यासाठी पाखेलबेल या संगीतकाराचा कॅनन (एकच चाल वाद्यं एकामागून एक उचलतात अशी रचना) सर्रास मागतात, आणि तो या कामाला खरोखरच सोयीचा आहे. मूळ रचना तीन व्हायोलिन आणि खर्जाच्या साथीची. क्वार्टेटमध्ये तिसऱ्या व्हायोलिनचा भाग व्हायोला घेतो. चेलो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठच स्वर फिरवतो. मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत एक आवर्तन आठ सेकंदांचं, आणि आठवा स्वर पांढरी सहा, म्हणजे पंचम. त्यानंतर षड्जावर येऊन कधीही थांबता येतं. ठरवून ठेवायचं ते एवढंच: दुसऱ्या व्हायोलिनने मान हलवली की चालू आवर्तनाच्या सातव्या स्वरावर पहिला व्हायोलिनवाला वाद्य वर उचलून खूण करेल, आणि पुढच्या समेला चौघं पांढरी दोनवर टेकतील. या एका जागेची तालीम दहा वेळा करा. साठ फुटांची वाट सावकाश चालायला पाऊण ते एक मिनिट लागतं, म्हणजे सहा-सात आवर्तनं. पहिल्या आवर्तनात चेलो एकटाच असतो आणि बाकीचे एकेक करून येतात, त्यामुळे करवल्या निघतानाच सुरुवात करा. नवरी दारात आल्यावर सुरू केलं तर ती अर्ध्यात पोचेपर्यंत भरणा होत नाही. सह्यांच्या वेळी दहा-बारा मिनिटं लागतात, तिथे दोन सलग शांत रचना हाताशी ठेवा.

गीतांना साथ करताना आधी चाल ओळखा. पाश्चात्त्य चालीचं गीत चार आवाजांत छापलेलं असेल तर ते जसंच्या तसं चौघांत वाटता येतं. शेवटची ओळ आधी एकदा वाजवून दाखवायची, आणि प्रत्येक ओळीनंतर मंडळीला श्वासाला जागा सोडायची. मंडळी लय ओढते. चेलोने तिच्या मागे जायचं नाही. पण ना. वा. टिळकांची गीतं देशी चालींवर म्हटली जातात तेव्हा त्यांच्याखाली पाश्चात्त्य कॉर्ड रचू नका, चालीचा कणाच मोडतो. तिथे चेलो आणि व्हायोलाने षड्ज-पंचम धरून ठेवावा आणि दोन्ही व्हायोलिननी गळ्याबरोबर चालावं, एक सप्तक वेगळं ठेवून चालेल. पेटी असेल तर तिचा सूर 440 वर असेलच असं नाही. पेटी बदलता येत नाही, तुम्ही तिला जुळवा.

रिकाम्या चर्चमध्ये तालीम केली तर घुमारा जास्त वाटतो. माणसं भरली की कमी होतो. तरीही जलद रचना एक पायरी मंद घ्या आणि बो आखूड ठेवा.

छोटी मैफल

दसरा चौकातल्या शाहू स्मारकसारख्या ठिकाणी तास-सव्वा तास, मध्यंतर न घेता, पुरेसा होतो. गायक अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारात होते आणि देवल क्लब ही संगीतसंस्था 1883 पासून इथे आहे. ख्यालाची विलंबित लय कोल्हापूरच्या श्रोत्याला परकी नाही. त्यामुळे संथ भाग गाळून सगळंच चटपटीत ठेवण्याचं काही कारण नाही. हायडन या संगीतकाराचं 1797 मधलं क्वार्टेट, ओपस (रचनासंच) 76, क्रमांक 3 घ्या आणि त्याचा दुसरा भाग मध्यावर ठेवा. एकच चाल पहिल्या व्हायोलिनकडून दुसऱ्याकडे, मग चेलोकडे, मग व्हायोलाकडे जाते आणि पुन्हा पहिल्याकडे येते. चारही वाद्यांची ओळख त्यातच होते, भाषण लागत नाही. एक वाक्य मात्र आधी सांगा: रचनेचे चार भाग आहेत, टाळी चौथ्यानंतर. मधे पडलीच तर हसून घ्या आणि पुढे जा.

डोक्यावरचे पंखे बंद करायला सांगा, कागद उडतात आणि वाऱ्याने तारा उतरतात. सिनेगीतं वाजवणार असाल तर हक्क पाहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये लग्नसमारंभातल्या वादनाला सूट आहे, तिकिटाच्या मैफलीला ती धरून चालू नका. संगीतकाराच्या मृत्यूला साठ वर्षं उलटलेल्या रचना मोकळ्या असतात.

हवा आणि वाद्याच्या पेटीत काय हवं

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. जोर लावू नका, थोडी बाहेर ओढून फिरवा आणि खडूऐवजी खुंटीची पेस्ट लावा. जानेवारीत उलट, त्या सैल होऊन सुटतात, आणि बोचे केस आखडतात. वाजवून झालं की बो पूर्ण सैल करूनच पेटीत ठेवा, नाहीतर काठी वाकते.

व्हायोलिनची वरची तार सगळ्यात आधी तुटते, तिच्या दोन जास्तीच्या ठेवा. ती पोलादी असल्याने लगेच स्थिरावते. बाकीच्या सिंथेटिक तारा नव्या लावल्या की दोन-तीन दिवस उतरत राहतात, म्हणून राखीव म्हणून पाकीटबंद तार ठेवू नका. आठवडाभर वाजवून ताणलेली तार काढून ठेवा, ती ऐनवेळी पाच मिनिटांत कामाला येते. तार चढवल्यावर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी फळी) बाजूने पाहा. जुळवताना ती पुढे कलते, आणि कललेली घोडी वाजवता वाजवता पडते. दोन्ही हातांनी वरची कड धरून ती सरळ करा आणि मगच समोरच्यांना खूण द्या.