बीएस-६ ट्रकचं ऑइल: फक्त '१५डब्ल्यू-४०' बघून डबा उचलू नका

द्राक्षाच्या हंगामात आडगावला माझ्या गॅरेजवर एक बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांचा) रिफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवून नेणारा ट्रक, आला. पिंपळगाव ते न्हावा-शेवा अशा फेऱ्या. मीटरवर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) दिवा लागलेला, आणि परतीला कसारा घाट चढताना गाडी ओढत नव्हती. रिजनरेशन केलं, म्हणजे जाळी तापवून काजळी जाळली, की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. ड्रायव्हरला विचारलं, "मध्ये ऑइल कुठलं टाकलंस?" म्हणाला, "शेठच्या ड्रममधलं. १५डब्ल्यू-४०च आहे ना!"

ड्रमवर १५डब्ल्यू-४० होतं हे खरं. पण ते सीआय-४ होतं, जुन्या गाड्यांसाठी आणलेलं.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. १५डब्ल्यू-४० हा आकडा ऑइल किती पातळ-दाट आहे एवढंच सांगतो. ते कोणत्या इंजिनासाठी आहे, हे डब्यावरच्या एपीआयच्या (ऑइलची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या) गोल शिक्क्यात वरच्या बाजूला लिहिलेलं असतं: सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४. सीके-४ हे मानक १ डिसेंबर २०१६ पासून आलं. त्यात सल्फेटेड ॲश (ऑइल जळल्यावर उरणारी राख) १ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. सीआय-४ला अशी मर्यादा नव्हती. डीपीएफमधली काजळी रिजनरेशनमध्ये जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख जळत नाही. ती जाळीत साचतच जाते. त्या कंटेनरचा डीपीएफ शेवटी काढून मशीनवर साफ करावा लागला, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहिली. वाईट वाटलं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

उलट बाजूने मात्र अडचण नाही. सीके-४ जुन्या सीआय-४, सीएच-४च्या गाडीत चालतं. ताफ्यात दोन्ही पिढ्यांच्या गाड्या असतील आणि कंपनीच्या पुस्तकात वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर एकच सीके-४ ठेवा. थोडे पैसे जास्त जातील, पण घोटाळा होणार नाही.

एफए-४ मात्र वेगळं प्रकरण आहे. तेही २०१६ चंच, पण इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम पातळ केलेलं. १५० अंश सेल्सिअसला मोजलेला त्याचा दाटपणा २.९ ते ३.२; सीके-४चा किमान ३.५. गंमत नाही, धोका आहे: दोन्ही १०डब्ल्यू-३०मध्ये मिळतात, म्हणजे आकडा तोच. एफए-४ जुन्या इंजिनात टाकायचं नाही. पुस्तकात नाव छापलेलं असेल तरच घ्या.

आता डिपस्टिक. ऑइल कमी झालं की सगळे बघतात, वाढलं तर कोणी लक्ष देत नाही. बीएस-६ गाडीत पातळी खुणेच्या वर गेली, ऑइल बोटाला पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर रिजनरेशन अर्धवट राहून डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय असं समजा. मार्केट यार्डात कांदा उतरवायला तास-तास रांगेत, थोडी पुढे, थोडी मागे, अशा गाड्यांना हे हमखास होतं. "वाढलंय ना, बरंच आहे" म्हणून तशीच चालवू नका, बेअरिंग जातात. ऑइल बदला आणि रिजनरेशन सुरू झालं की मध्येच इंजिन बंद करू नका. मोजताना गाडी सपाटीवर हवी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं झालेली.

दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळतंय. इंजिन सुरूच करू नका. नुसतं काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे डिझेल ऑइलचं कामच आहे.

ऑइलमध्ये वरून बाटलीतली औषधं (ॲडिटिव्ह) ओतू नका. सीके-४मध्ये लागतं ते मोजून घातलेलं असतं. रिकामे डबे भंगारात देण्याआधी भोक पाडा, नाहीतर त्यातच नकली माल भरून परत येतो.

एपीआयची पुढची मानकं, सीएल-४ आणि एफबी-४, जानेवारी २०२७ पासूनची आहेत. त्यातही जोडी तशीच: सीएल-४ नेहमीच्या दाटपणाचं, एफबी-४ पातळ. त्या शेठनी आता दोन ड्रमवर पांढऱ्या ऑइल पेंटने हातभर अक्षरं काढलीत, एकावर 'बीएस-६', दुसऱ्यावर 'जुन्या गाड्या', आणि मापंही वेगळी ठेवलीत.