बॉबिन लेसची पट्टी वळवताना: इद्रियाची वाट धरणाऱ्या नवशिक्यांसाठी

स्लोव्हेनियातलं इद्रिया हे पाऱ्याच्या खाणीचं गाव. खाणकामगारांच्या घरात बायका लेस विणायच्या, आणि १८७६ पासून तिथे लेस शिकवणारी शाळा आहे. इद्रियाची लेस म्हणजे मुख्यतः एक अरुंद पट्टी. ती नागमोडी फिरवत न्यायची आणि जिथे स्वतःलाच येऊन टेकते तिथे सांधायची. सरळ पट्टी एक-दोन दिवसांत हाताला बसते. वेळ खातं ते वळण.

बॉबिन म्हणजे धागा गुंडाळलेल्या काड्या; वीण उशीवर टाचण्या रोवत पुढे सरकते. सुरुवातीला ६ जोड्या, म्हणजे १२ बॉबिन पुरतात. ५ जोड्या ताण्याच्या, म्हणजे पट्टीच्या लांबीने जाणाऱ्या; एक फिरती, म्हणजे त्यांच्यातून आडवी ये-जा करणारी. टाका साधा कापडी. चार बॉबिन समोर घ्या आणि डावीकडून मोजा: दुसरी तिसरीवरून, मग दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून, मग पुन्हा दुसरी तिसरीवरून. आकडे जागेचे आहेत, बॉबिनचे नाहीत. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. नीट पाहिलं तर ही हातमागावरची साधी वीणच, फक्त धोट्याच्या जागी फिरती जोडी.

आता वळणाचा हिशोब. पट्टी ६ मिमी रुंद, अर्धवर्तुळाची आतली त्रिज्या ४ मिमी, बाहेरची १०. आतली कड साधारण १२.५ मिमी भरते, बाहेरची ३१ च्या पुढे. फिरती जोडी कडेला ज्यांच्याभोवती वळते त्या टाचण्या अडीच-अडीच मिमीवर धरल्या तर बाहेर १२ भोकं बसतात, आत फक्त ५. फिरती जोडी बाहेर बारा वेळा वळली की आतही तिला बाराच वेळा वळावं लागतं. उरलेल्या सात वळणांचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. (हे गणित कागदावर न करता उशीपाशी बसणारे अर्ध्यातून उसवतात.)

पहिला उपाय, एकच भोक दोनदा वापरणं. फिरती जोडी आतल्या कडेला परत आली की आधीची टाचणी उपसा, जोडी कडेच्या बाहेर घ्या, टाचणी त्याच भोकात परत रोवा, म्हणजे दोन्ही फास तिच्यावर बसतात. टाचणी हातात असताना धागा ओढू नका. पहिला फास सुटतो, आणि त्याच्यामागून ताण्याची सर्वांत आतली जोडी बाहेर डोकावते. तिच्या दोन्ही बॉबिन डाव्या हाताने हलक्या धरून ठेवल्या की हे टळतं. तिसऱ्यांदा तेच भोक नको. धागे एकमेकांवर चढून गाठीसारखा फुगवटा येतो.

दुसरा उपाय, अर्धी ओळ. ताण्याच्या जोड्यांना आतून १ ते ५ आकडे द्या. फिरती जोडी बाहेरून ५, ४, ३ मधून आणा आणि थांबा. टाचणी नाही. तिथूनच दोन पीळ (जोडीतली उजवी डावीवरून, दोनदा) देऊन परत फिरवलीत तर चालतं, पण बारीक छिद्र राहतं. त्यापेक्षा फिरती तिथेच सोडा. ती आता ताण्यात गेली. नुकतीच ओलांडलेली ३ नंबरची जोडी फिरती होऊन ४ आणि ५ मधून बाहेर जाईल. छिद्र अजिबात राहत नाही. मात्र फिरती जोडी वेगळ्या रंगाची असेल तर ही अदलाबदल दिसेल, तिथे पीळच बरा. थांबण्याची जागाही बदलत राहा, एकदा दोन जोड्या सोडून, एकदा एकच. नाहीतर विरळपणाची रेघ उमटते.

दोन्ही उपाय मिसळावेत असं आमचं मत आहे. वर हिशोब केलेल्या अर्धवर्तुळात ४ अर्ध्या ओळी घेतल्या की आतली ८ वळणं उरतात: तीन भोकं दोनदा, दोन एकदा. सगळी भोकं दुहेरी केली तर आतली कड दोरीसारखी कडक होते आणि उशीवरून काढल्यावर पट्टी वाटीसारखी उचलते.

ताण देणं हे निराळंच प्रकरण. वळणावर ताण्याच्या जोड्यांना सरळ रेषेत जायचं असतं, म्हणून बाहेरच्या जोड्या आत घसरतात आणि बाहेरच्या टाचण्यांपाशी फट पडते. चार ओळी विणून एकदम ओढू नका. बाहेरची प्रत्येक टाचणी रोवली की फिरती जोडी आवळा, मग ताण्याच्या बॉबिन पट्टी त्या क्षणी जिकडे चालली आहे त्या दिशेला ओढा. स्वतःच्या पोटाकडे नव्हे. त्यासाठी उशी फिरवत राहावी लागते. बाहेरच्या टाचण्या बाहेरच्या बाजूला कलत्या असाव्यात. उभ्या टाचण्या ताणाने आत झुकतात.

उलटं वळण येतं तिथे आतली कड बाहेरची होते. मध्ये दोन पूर्ण ओळी साध्या विणा, मगच नव्या बाजूला अर्ध्या ओळी सुरू करा. ताबडतोब सुरू केल्या तर पट्टी त्या जागी तिरकी दिसते.

सांधायला ०.५ किंवा ०.६ मिमीची क्रोशाची सुई लागते. कडेची टाचणी काढून तिथल्या फासातून फिरत्या जोडीचा एक धागा वर ओढायचा, वर ओढलेल्या धाग्याच्या फासातून दुसरी बॉबिन पार करायची, दोन्ही आवळायच्या. भोक दुहेरी असेल तर सुईत दोन्ही फास आले की नाही ते नजरेने बघा. एकच पकडला गेला तर दुसरा लोंबत राहतो, आणि हे कळतं सगळ्या टाचण्या निघाल्यावर.