रजयांसाठी घडीची पेटी: आधी रिकामेपण मोजा, मग मापं

घडीची, म्हणजे रिकामी असताना मिटून ठेवता येणारी कापडी पेटी शिवून द्याल का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ती वर्षातून किती काळ रिकामी राहणार? माणसं गोंधळतात. पण घडीची पेटी बनवायची ती रिकाम्या दिवसांसाठी. गणपतीच्या मखराचं सामान ठेवायचं असेल तर ते दहा दिवस बाहेर आणि उरलेलं वर्ष आत. मग घडी हवी कशाला? साधा खोका आणा. धान्यासाठी तर विचारूच नका, शिलाईच्या भोकांतून पोरकिडे आत जातील. तिथे पत्र्याची कोठीच बरी.

रजयांचं मात्र वेगळं आहे. आमच्या नाशिकला दिवाळीला बाहेर काढलेल्या रजया महाशिवरात्रीपर्यंत तरी अंगावर असतात. तेवढे महिने सिडकोतल्या छोट्या घरात रिकामी पेटी पायात येते. म्हणून तिचीच रीत सांगते. मी घरी बॅगा शिवते, त्यामुळे मापं शिवणकामाच्या अंगाने येतील.

आपली पेटी 40 सेंमी लांब, 28 रुंद, 30 उंच. आत साधारण 33 लिटर जागा मिळते, घडी केल्यावर जाडी अडीच सेंमीच्या आसपास. तुमच्या पलंगाखालची उंची वेगळी असेल तर मापं बदला, पण दोन गोष्टी सोडू नका. रुंदी लांबीपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही आखूड बाजू मधोमध मोडून आत येतात; रुंदी वाढली की त्या मध्ये एकमेकींवर चढतात आणि घडी फुगते. आणि रुंदी उंचीपेक्षाही जास्त नको, कारण तळ उचलून मागच्या भिंतीला टेकवायचा आहे. उंची कमी पडली तर घडीतून तळ वर डोकावत राहतो.

तळ हीच यातली खरी मेख. चारही बाजूंनी शिवलेला ताठ तळ असेल तर पेटी मिटतच नाही. किराणा दुकानातली कागदी पिशवी मिटते ती कागद वाकतो म्हणून. संगणकशास्त्रज्ञ एरिक डिमेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये गणिताने दाखवलं होतं, की तिचे सगळे भाग ताठ धरले तर नेहमीच्या घड्यांवर ती उघडीची मिटवताच येत नाही. माझ्या लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणजे अडचण शिलाईची नव्हती! आयकियाच्या ‘स्कुब्ब’ पेट्यांना तळाशी चेन असते, चेन उघडली की पेटी आडवी होते. चेनही चालते, पण वजनाने आणि धुळीने ती आधी बिघडते. मी तळ फक्त मागच्या भिंतीला शिवते, बाकी तीन कडा मोकळ्या ठेवते आणि वजन पट्ट्यांवर सोडते.

आत ताठपणासाठी पुठ्ठा घेऊ नका, पावसाळ्यात तो ओलावा धरतो. 3 मिमीची सनपॅक शीट घ्या, ती नळ्यानळ्यांची प्लास्टिकची, दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती. फ्लेक्सवाल्याकडे तुकडे पडलेले असतात. निवडणूक झाल्यावर तर विचारायलाच नको. आमच्या एका पेटीच्या आत एका भावी नगरसेवकाचं अर्धं हास्य आहे. कापताना नळ्या उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर भिंत मध्येच दुमडते.

तुकडे असे: मागचा आणि पुढचा 40 × 30 सेंमी, तळ 39.5 × 27.5, आणि बाजूंसाठी 13.5 × 30 चे चार. एकेका बाजूला दोन अर्धे येतात आणि त्यांच्या मधून बाजू मोडते.

आता कापड. मी बाहेरून मॅटीचं जाड कापड आणि आतून मांजरपाट लावते. मांजरपाट आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि कप्पे तंग होतील. दोन्ही कापडांची लांब पट्टी घेऊन तिच्यावर खडूने ओळीने कप्पे आखा: मागची भिंत, अर्धी बाजू, अर्धी बाजू, पुढची भिंत, पुन्हा दोन अर्ध्या बाजू. कप्पा शीटपेक्षा जरा रुंद हवा, 40 ला 40.5, कारण शीटची जाडीही कापड खाते.

दोन कप्प्यांमध्ये सोडायची जागा नीट समजून घ्या. 3 मिमीच्या दोन शीट एकमेकींवर पडायच्या तर दुप्पट जाडी लागते, म्हणजे 6 मिमी, आणि कापड धरून 7. पण मागच्या दोन उभ्या कोपऱ्यांत 7 पुरत नाहीत. घडी झाली की तिथे मागची भिंत आणि अर्धी बाजू यांच्या मध्ये तळ येऊन बसलेला असतो, म्हणजे तीन जाड्या. तिथे 10 मिमी सोडा. सगळीकडे सारखी जागा सोडलेल्या पेट्या मी पाहिल्यात. त्या मिटतात, पण मागचा कोपरा ताणून ताणून शिलाई उसवते.

पट्टा कप्प्यांच्याही आधी लावायचा, फक्त बाहेरच्या कापडावर. बॅगांना वापरतात तो एक इंची नायलॉनचा पट्टा पावणेतीन मीटर लागतो. पुढच्या भिंतीवरून वर, मुठीसाठी मोकळा सोडून परत खाली, तळाखालून मागे, तिथेही तसंच, आणि परत तळाखालून पुढे येऊन जोड. जोड तळाखाली येऊ द्या, मुठीत नको. भिंतीवर शिवताना खालच्या कडेच्या 3 सेंमी वर थांबा आणि टोकाला चौकोन करून त्यात फुली मारा. तळाखालून जाणारा भाग 28 सेंमीच्या जेमतेम वर हवा. सैल राहिला तर पेटी उचलताच तळ लोंबतो.

मग कप्प्यांच्या उभ्या शिलाया, 18 नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा. शीट अजून आत घालू नका, रिकाम्या कप्प्यांवर मशीनचा साधा पायही सहज चालतो. मागच्या भिंतीच्या खालच्या कडेला, 7 मिमी सोडून, तळाचा कप्पा जोडा. तळाच्या उरलेल्या तीन कडांना 2 सेंमीची मोकळी झालर ठेवा. रजया तिला भिंतीवर दाबून धरतात आणि खालून धूळ येत नाही. पट्टीची दोन टोकं मागच्या कोपऱ्यात जोडून गोल करा, शेवटी वरून शीट सरकवा. कप्प्यांची तोंडं शिवून टाकू नका, वेल्क्रो लावा. शीट काढून कापड धुता येतं.

पेटी उभी करताना बाजू बाहेर ढकला आणि तळ खाली दाबा. तळ बसला की बाजू आत येऊ शकत नाहीत, तोच कुलपाचं काम करतो. मिटताना आधी तळ वर, मग बाजू आत, मोकळा पट्टा मध्ये सारून द्यायचा.

रजया आत ठेवण्याआधी दोन दिवस कडक ऊन दाखवा, तळाशी वाळलेला कडुलिंबाचा पाला, वरून जुन्या सुती साडीचा तुकडा. प्लास्टिकची पिशवी घालून तोंड बांधू नका, आतल्या आत दमट वास धरतो. पुस्तकं मात्र यात भरू नका. 33 लिटर पुस्तकं सहज वीस किलोंवर जातात. पट्टा तग धरेल, पण तळाला कायमचा बाक येईल. पुस्तकांची हवीच असेल तर मापं निम्मी करा आणि तळाला 5 मिमीची शीट घाला. मागच्या कोपऱ्यांतली जागा तेव्हा 12 मिमी.