सिंगापूरला पोरांकडे जाताय? सहा आकडे खिशात ठेवा

आपल्याकडचे आईबाबा सिंगापूरला पोराकडे गेले की खाली भाजी आणायला उतरतात आणि परत येताना हमखास चुकतात, कारण तिथल्या एचडीबीच्या सरकारी बिल्डिंगी बघाव्या तर सगळ्या सारख्याच. आपल्या पिनकोडात आख्खी गावं नि वाड्या मावतात, तिथे मात्र साधारण प्रत्येक बिल्डिंगला स्वतःचा सहा आकडी पोस्टल कोड असतो. त्याचाच फायदा घ्यायचा.

१. निघायच्या आधीच पोराकडून कोड घ्या, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून खिशात टाका. मोबाईलची बॅटरी काय, ऐनवेळी दगा देतेच.
२. मॅपमध्ये पूर्ण पत्ता टाईप करत बसू नका, नुसतं सिंगापूर आणि ते सहा आकडे टाका, थेट बिल्डिंग येते. टॅक्सीच्या ॲपमध्येपण चालतं.
३. युनिट नंबर वेगळा लिहा, कोडमध्ये तो नसतो. #०८-१२३ असेल तर आठवा मजला, पण तिथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणजे आपल्या हिशेबाने सातवा.

फक्त सिंगापूर हा शब्द विसरू नका हां, आपला पिनपण सहा आकडीच, रत्नागिरीत बसून नुसते आकडे टाकलेत तर मॅप भारतातलंच कुठलंतरी गाव दाखवेल.